सात वर्षांची वैमानिक

११ एप्रिल १९९६ रोजी सकाळी आठ वाजून चोवीस मिनिटांच्या सुमारास, अमेरिकेतील वायोमिंग राज्याची राजधानी शायेन येथे, विमानतळाजवळच्या एका वसाहतीच्या रस्त्यावर सेस्ना १७७ बी जातीचे चार आसनांचे छोटे विमान कोसळले. विमानात तीन जण होते : बावन्न वर्षांचे उड्डाणप्रशिक्षक जो रीड, सत्तावन्न वर्षांचे लॉइड डुब्रॉफ आणि त्यांची कन्या जेसिका. तिघांपैकी कोणीही वाचले नाही. जेसिकाला आठ वर्षे पूर्ण व्हायला अजून चोवीस दिवस बाकी होते.

सात वर्षांची वैमानिक मुलगी अपघातात गेली, अशी ही बातमी दुसऱ्या दिवशी जगभर पसरली. आजही या अपघाताचा विषय निघाला की ‘विमान चालवणारी ती लहान मुलगी’ एवढेच ऐकणाऱ्याला स्मरते आणि पुढचा निष्कर्ष आपोआप काढला जातो : लहान मुलीच्या हाती विमान दिले, दुसरे काय होणार? आम्हांस हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. अन्याय त्या मुलीवर तर आहेच. पण ज्या कारणांनी ते विमान पडले त्या कारणांनाही तो झाकून टाकतो. म्हणून एवढ्या वर्षांनंतर ती हकीकत पुन्हा सविस्तर मांडावी, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम कायदा काय होता ते पाहू. अमेरिकेत विमान एकट्याने उडवण्यासाठी वयाची सोळा वर्षे आणि खाजगी वैमानिकाचा परवाना मिळण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळा वर्षांखालील मुलाला विमान चालवण्याचा विद्यार्थी-परवाना मिळत नाही. मात्र शेजारच्या आसनावर परवानाधारक प्रशिक्षक बसला असेल, तर नियंत्रणदांड्याला हात लावणाऱ्याच्या वयावर त्या काळी कोणतेही बंधन नव्हते. विमानाच्या नियंत्रणाची सर्व जबाबदारी प्रशिक्षकाची. दुसऱ्या आसनावर सात वर्षांचे मूल असो की सत्तर वर्षांचे आजोबा, कायद्याच्या लेखी तो प्रवासी. जेसिका उड्डाणाचे धडे घेत होती, या अर्थी ती विद्यार्थिनी होती; पण ‘वैमानिक’ हा शब्द तिला कोणत्याही कार्यालयाने दिलेला नव्हता. तो तिला वृत्तपत्रांनी, दूरचित्रवाणीने आणि तिच्या वडिलांच्या उत्साहाने दिला.

हा उत्साह एकट्या लॉइड डुब्रॉफ यांचाच होता, असे मात्र म्हणता येणार नाही. त्या दशकात अमेरिकेत अशा उड्डाणांची लाटच आली होती. १९८८ मध्ये टोनी एलिएन्गेना या नऊ वर्षांच्या मुलाने देश ओलांडला आणि पुढच्या वर्षी तो जगप्रदक्षिणेला निघाला. १९९३ मध्ये अकरा वर्षांची व्हिकी व्हॅन मीटर मेन राज्यातून निघून कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोपर्यंत गेली, तर १९९४ मध्ये तिने अटलांटिक महासागर पार केला. प्रत्येक वेळी शेजारी प्रशिक्षक होता, प्रत्येक वेळी कॅमेरे होते आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा कमी वयाच्या मुलाचा शोध सुरू झाला. हा प्रकार कोठे जाणार हे ओळखून ‘गिनेस बुक’च्या संपादकांनी १९८९ मध्येच सर्वांत लहान वैमानिकाचा विक्रम नोंदवणे बंद केले होते. म्हणजे १९९६ साली जेसिका ज्या विक्रमासाठी निघाली, तो नोंदवून घेणारी वहीच मिटलेली होती. उरले होते फक्त प्रेक्षक.

जेसिकाचा जन्म ५ मे १९८८ चा, अटलांटिकच्या किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फाल्मथचा. ती वाढली मात्र दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर. आईवडील विभक्त झाले होते आणि मुले आईजवळ असत. तिचे शिक्षण घरीच चाले. आईच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता, असे त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. सहाव्या वाढदिवसाला भेट म्हणून आईवडिलांनी तिला विमानाची एक फेरी घडवली. मुलीला ते आवडले आणि हाफ मून बे येथील विमानतळावर जो रीड यांच्याकडे तिचे धडे सुरू झाले. अपघातापर्यंत तिच्या नोंदवहीत सुमारे ३३ तासांचे शिक्षण जमा झाले होते. उंची सव्वाचार फुटांच्या आत, वजन सुमारे २५ किलो. समोरच्या काचेतून बाहेर दिसावे म्हणून तिच्याखाली उशी ठेवावी लागे आणि पाय पोहोचावेत म्हणून पायपट्ट्यांना धातूचे जोड लावावे लागत. ज्या यंत्रावर बसण्यासाठी इतकी जुळवाजुळव करावी लागते ते यंत्र वादळात तिला एकटीला आवरणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. पण तसा दावा तिच्या प्रशिक्षकानेही कधी केला नव्हता. रीड यांच्या दृष्टीने ही सफर म्हणजे, पालकांच्या खर्चाने, शेजारी एक मुलगी बसवून केलेला देशभराचा प्रवास होता. विमानविद्येच्या दृष्टीने त्यात नवल काही नाही, असेच त्यांनी स्वतः बोलून दाखवले होते.

नवल होते ते वेळापत्रकात. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून निघायचे, जेसिकाच्या जन्मगावी फाल्मथला जायचे आणि परत यायचे, आणि हे सर्व आठ दिवसांत. वाटेत ठिकठिकाणी थांबून वार्ताहरांना भेटायचे. लॉइड यांनी जेसिकाचे नाव छापलेल्या दोनशे टोप्या शिवून घेतल्या होत्या. त्या वाटेत भेट म्हणून द्यायच्या होत्या. ए.बी.सी. या दूरचित्रवाणी संस्थेने त्यांना चित्रफितीचा कॅमेरा आणि कोऱ्या फिती दिल्या होत्या; विमानातले चित्रण घरच्यांनीच करायचे आणि ते संस्थेने दाखवायचे. या व्यवहारात बेकायदेशीर असे काही नव्हते. फक्त एक गोष्ट बदलली होती. लहान विमानाचा प्रवास मुळात हवामानाच्या मर्जीवर चालतो. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा. या प्रवासाला आता मुलाखतींच्या वेळा बांधल्या गेल्या होत्या.

१० एप्रिलच्या सकाळी तिघे हाफ मून बेहून निघाले. नेव्हाडातील एल्को आणि वायोमिंगमधील रॉक स्प्रिंग्ज येथे उतरत ते सायंकाळी शायेनला पोहोचले. दिवसभरात एका टप्प्यात जेसिका झोपी गेली होती आणि एका ठिकाणी वारा जोराचा असल्यामुळे उतरताना रीड यांनी तिला हातभार लावला. शायेनला स्वागताला गर्दी जमली होती, वार्ताहर होते. मुलाखती आटोपल्यावर तेथील एका रेडिओ केंद्राच्या कार्यक्रम-अधिकाऱ्याने तिघांना आपल्या मोटारीने हॉटेलवर सोडले. दुसऱ्या दिवशी हवामान बिघडण्याचा अंदाज होता, त्याविषयी वाटेत बोलणेही झाले.

सकाळी जेसिका पुन्हा रेडिओवर बोलली. केंद्रातल्या मंडळींनी त्यांना आग्रह केला की वादळ निवळेपर्यंत थांबा, शायेन पाहा. रीड यांचे उत्तर असे होते की वादळ येण्यापूर्वीच आम्हांला निघायचे आहे. निघण्यापूर्वी जेसिकाने आईला दूरध्वनी केला. पाऊस सुरू झाला होता आणि पावसाचा आवाज तुला ऐकू येतो का, असे ती आईला विचारत होती, हे आईने नंतर सांगितले. या एका गोष्टीपाशी आम्ही वाचताना दर वेळी थांबतो. विमानतळावरच्या मोठ्या माणसांना जे आभाळ वेळापत्रकातली अडचण म्हणून दिसत होते, ते तिला आईला ऐकवावेसे वाटले.

पुढील काही मिनिटांत काय घडले ते समजण्यासाठी थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. विमानाचे पंख हवेवर तरतात आणि उंचावर हवा विरळ असते. हाफ मून बे समुद्रसपाटीला लागून आहे, तर शायेनचा विमानतळ सुमारे ६,१५० फुटांवर आहे. आपल्या महाबळेश्वरच्या पठाराहूनही तो बराच उंच. त्या दिवशीच्या तपमानाचा आणि हवेच्या दाबाचा हिशेब केला असता तेथली हवा ६,६७० फुटांवर असावी इतकी विरळ होती. विरळ हवेत इंजिनाचा जोर घटतो, पंखांना मिळणारा आधार घटतो, विमान धावपट्टीवर लांबवर धावते आणि सावकाश चढते. डोंगराळ मुलखातल्या वैमानिकांना हे अंगवळणी पडलेले असते. रीड यांचा सराव मुख्यतः किनाऱ्यावरचा होता.

त्यात भार. माणसे, इंधन आणि सामान मिळून विमानाचे वजन मान्य मर्यादेपेक्षा ९६ पौंडांनी, म्हणजे सुमारे ४४ किलोंनी अधिक झाले होते. हा अधिकचा भार जेसिकाच्या स्वतःच्या वजनाच्या पावणेदोन पट होतो. तेव्हा ती लहानगी विमानात नसती, तरीही विमान जडच राहिले असते.

विमान जड झाले की त्याचा किमान सुरक्षित वेग वाढतो. पंखांना विशिष्ट वेगाने हवा भेटली नाही, किंवा विमानाचे नाक फार वर उचलले गेले, तर पंखांवरून वाहणारा हवेचा प्रवाह तुटतो आणि पंख विमानाला पेलून धरीत नाहीत. वैमानिक याला ‘स्टॉल’ म्हणतात. येथे इंजिन बंद पडलेले नसते, ते घरघरत असते. आधार सुटलेला असतो तो पंखांचा. पुरेशी उंची असेल तर नाक खाली करून वेग मिळवता येतो आणि विमान सावरता येते. हा धडा प्रत्येक विद्यार्थी-वैमानिकाला आरंभीच गिरवावा लागतो. जमिनीपासून काहीशे फुटांवर मात्र त्या धड्याचा उपयोग नाही, कारण सावरायला जागाच उरत नाही. वळताना विमान कलते, तेव्हा हा किमान वेग आणखी वाढतो.

त्या सकाळी रीड यांची घाई, किंवा थकवा, लहानसहान गोष्टींत दिसून आला. एका चाकापुढचे अडसर न काढताच त्यांनी इंजिन सुरू केले. ते बंद करून अडसर काढावे लागले. नियंत्रण मनोऱ्याशी रेडिओवर बोलतानाही बारीकसारीक चुका झाल्या. दृश्यमानता नेहमीच्या नियमांनी उड्डाण करण्याइतकी उरली नव्हती, म्हणून त्यांनी विशेष अनुमती मागून घेतली. त्यांच्या थोडे आधी निघालेल्या दुसऱ्या एका विमानाच्या वैमानिकाने वर हवा खवळलेली असल्याचे आणि वेगात मोठे चढउतार होत असल्याचे कळवले होते. तो संदेशही कानावर पडला होता. तरीही विमान धावपट्टीवर आले. डाव्या आसनावर जेसिका, उजव्या आसनावर रीड, मागे वडील.

विमान पावसात, जोराच्या वाऱ्यात वर आले. पाहणाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे ते संथ होते, नाक वर होते, पंख डुलत होते आणि उंची फारशी वाढत नव्हती. वादळापासून दूर जाण्यासाठी ते उजवीकडे वळले. येथे चौकशी मंडळाने एक सूक्ष्म शक्यता नोंदवली आहे. वळण घेतल्यावर वारा पाठीमागून आला. त्यामुळे जमिनीच्या संदर्भात विमान वेगाने चालले आहे असा डोळ्यांना भास झाला असेल. हवेच्या संदर्भात, म्हणजे पंखांना ज्याच्याशी कर्तव्य आहे त्या हिशेबात, वेग धोक्याइतका कमी होता. काचेवर पावसाचा मारा, समोर क्षितिज दिसत नाही, शरीर आदल्या दिवशीचे दमलेले. अशा वेळी डोळा जे सांगतो त्यावर विश्वास बसतो. विमानाचा आधार सुटला आणि ते जवळजवळ उभेच खाली आले.

चौकशी अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने केली आणि ११ मार्च १९९७ रोजी अहवाल दिला. साऱ्या जगाला पडलेला पहिला प्रश्न मंडळापुढेही होता : विमान कोण चालवत होते? रीड यांच्या हातांना झालेल्या इजांवरून आणि अन्य पुराव्यावरून मंडळाने निष्कर्ष काढला की त्या क्षणी नियंत्रण रीड यांच्या हाती होते. मुलीच्या हातून काही चुकल्याने विमान पडले, ही समजूत येथे निकालात निघाली. प्रमुख कारण म्हणून मंडळाने प्रशिक्षकाचा अयोग्य निर्णय नमूद केला. झंझावाती वारा, पाऊस आणि चालून येणारे वादळ समोर असताना, विमान मर्यादेहून जड असताना आणि हवा त्यांच्या सवयीपेक्षा विरळ असताना त्यांनी उड्डाण केले आणि वेग राखता न आल्याने विमान स्टॉल झाले. त्यापुढे साहाय्यक कारण दिले आहे : अवास्तव वेळापत्रक पाळण्याची इच्छा, आणि त्या इच्छेमागे अंशतः प्रसारमाध्यमांना दिलेले शब्द.

विमान अपघाताचे अहवाल बहुधा बोल्ट, झडपा, हवामान आणि मानवी चुका यांच्या भाषेत लिहिलेले असतात. मुलाखतींच्या वेळांचा कारणांत समावेश करणारा अहवाल आमच्या वाचनात दुसरा नाही. मंडळाने कोणत्याही वृत्तसंस्थेवर आरोप ठेवला नाही आणि ते योग्यच होते. मुलीला रेडिओवर बोलावणाऱ्या मंडळींनीच तिला थांबण्याचा आग्रहही केला होता. तथापि कोणी एक दोषी नसला, तरी सर्वांनी मिळून त्या तिघांना धावपट्टीवर आणून सोडले होते, हे त्या दोन ओळींत आले आहे.

अपघातानंतरच्या आठवड्यात मात्र अहवालाची वाट पाहायला कोणाला सवड नव्हती. ‘टाइम’ साप्ताहिकाने जेसिकाला कोणी मारले, असा प्रश्न थेट मुखपृष्ठावर विचारला. ज्या वाहिन्यांनी तिच्या उड्डाणाचे कौतुक केले होते, त्यांवरच आता पालकांच्या महत्त्वाकांक्षेवर चर्चासत्रे झडू लागली. सर्वांत कठोर टीका आईच्या वाट्याला आली. मुलांना उडावेसे वाटत असेल तर त्यांना उडू द्या, त्यांच्यावर बंदी घालू नका, अशी विनवणी तिने शोकाच्या त्या दिवसांत केली आणि लोकांना ते सहन झाले नाही. तिचे म्हणणे आम्हांसही पूर्णतः पटत नाही. मुलाची इच्छा आणि मुलाच्या इच्छेभोवती मोठ्यांनी रचलेला देखावा या दोन गोष्टी तिने एकच मानल्या. परंतु ज्या स्त्रीने नुकताच दूरध्वनीवर पावसाचा आवाज ऐकला होता, तिच्यावर खटला चालवण्याची घाई ज्यांनी केली, त्यांनी काही तास अगोदर त्याच उड्डाणाकडे करमणूक म्हणून पाहिले होते, हेही विसरता येत नाही.

ही गोष्ट केवळ अमेरिकेची, असे समजून आपण निश्चिंत राहावे अशी स्थिती नाही. २००६ च्या मे महिन्यात ओरिसातील बुधिया सिंग या चार वर्षांच्या मुलाला पुरीपासून भुवनेश्वरपर्यंत ६५ किलोमीटर धावायला लावले गेले, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा टाळ्या वाजवणारे आपलेच लोक होते. तेथे पुढे शासनाने हस्तक्षेप करून त्याचे धावणे थांबवले. सुदैवाने मूल वाचले. तेवढ्यामुळे आपण त्या दिवसाची चर्चा निराळ्या सुरात करतो.

अमेरिकेच्या संसदेने काय केले ते सांगून हा लेख आवरता घेऊ. संतापाच्या भरात, लहान मुलांना विमानाच्या नियंत्रणाजवळ फिरकूच देऊ नये, अशी मागणी पुढे आली होती. विमानप्रेमी संस्थांना भीती वाटत होती की शिकण्याचे दारच बंद होईल. १९९२ पासून तेथे ‘यंग ईगल्स’ नावाचा उपक्रम चालू होता. हौशी वैमानिक आपल्या विमानांतून मुलामुलींना विनामूल्य फेरी घडवत, पंख कसे तरतात ते दाखवत. त्यात विक्रम नाही, टोप्या नाहीत, कॅमेरे नाहीत. अशा उपक्रमांवर गदा येऊ नये असे अनेकांचे म्हणणे होते.

९ ऑक्टोबर १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी विमानवाहतुकीसंबंधीच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. बाल वैमानिक सुरक्षेचा कायदा त्याचाच एक भाग होता. त्याची शब्दयोजना आम्हांस विचारपूर्वक केलेली वाटते. कायद्याने शिकणाऱ्याचे वय ठरवून दिले नाही. बंधन घातले ते विमानाची जबाबदारी असलेल्या वैमानिकावर. शेजारची व्यक्ती विक्रम करण्यासाठी, स्पर्धेसाठी किंवा काही अचाट कृत्य दाखवण्यासाठी उड्डाण करीत आहे, हे ठाऊक असताना, तिच्याजवळ खाजगी वैमानिकाचा परवाना आणि वैद्यकीय प्रमाणपत्र नसेल, तर तिच्या हाती नियंत्रण देता येणार नाही. दिल्यास देणाऱ्याचा परवाना जाऊ शकतो.

‘यंग ईगल्स’चे काम थांबले नाही. २००३ मध्ये, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाची शताब्दी साजरी होण्यापूर्वी, दहा लाख मुलांना विमानातून नेण्याचा संकल्प त्यांनी पुरा केला. अमेरिकेत आजही सहा-सात वर्षांचे मूल प्रशिक्षकाच्या शेजारी बसून, खाली उशी घेऊन आणि पायपट्ट्यांना जोड लावून उड्डाणाचा धडा घेऊ शकते. तो धडा नोंदवहीत लिहिला जातो, आणि आभाळ भरून आले तर त्या दिवशीचा धडा दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो.